भिंतीपलीकडचे उंदीर

आमचं घर नागपूरला, उमरेड रोडच्या बाजूच्या एका लेआउटमध्ये आहे. राहायला आलो तेव्हा घरामागे सरळ शेत होतं. आता त्याचे प्लॉट पडले, सिमेंटचे रस्ते झाले, पण निम्मे प्लॉट अजून रिकामेच आहेत आणि त्यांच्या पलीकडे सोयाबीन नि तूर दरवर्षी उभी असते. दिवाळीच्या सुमाराला सोयाबीन निघतं. शेत उघडं पडतं, हवा कोरडी होते, आणि एखाद्या सकाळी अंगणातली फरशी पायाला एकदम गार लागते. त्या दिवसापासून मी उंदरांची वाट बघायला लागते. ते येतातच.

आधी ते दिसत नाहीत, नुसते कळतात. टोपलीतला एखादा बटाटा कोपऱ्यातून खरवडलेला असतो. मोरीतल्या साबणावर बारीक दातांच्या रेघा असतात. सिलेंडर सरकवला की मागे काळ्या लेंड्या सापडतात. मग मी कामाला लागते. डाळी, शेंगदाणे, गूळ, सगळं झाकणाच्या डब्यांत जातं. मागच्या दाराखाली जुन्या चादरीची घट्ट गुंडाळी सरकवते. सिंकखालचा पाइप जिथे भिंतीत शिरतो तिथली फट भांडी घासायच्या तारेच्या घासणीनं बुजवते, कारण कापूस किंवा कागद कोंबला तर ते तो ओढून नेतात, तार मात्र त्यांना चावता येत नाही.

एकदा मी सीताबर्डीच्या फुटपाथवरून चिकटपट्ट्या आणल्या होत्या, पुठ्ठ्यावर डिंकासारखं काही लावलेल्या. पहिल्याच दिवशी एकीत पाल अडकली. अर्धा तास गोडेतेल लावून लावून मी तिला सोडवली, आणि उरलेल्या पट्ट्या फेकून दिल्या. औषध घालायला नवरा तयार नसतो. त्याचं बालपण कुहीकडच्या खेड्यात गेलं, तिथे औषध खाल्लेला उंदीर माळवदात मेला की काय होतं ते त्यानं बघितलंय. त्यामुळे आमच्याकडे पिंजरा. नवरा कन्हानला नोकरीला जातो. उंदीर सापडला की तो पिंजरा मोटारसायकलच्या हँडलला अडकवून नेतो आणि नदीचा पूल ओलांडल्यावर मोकळ्या जागेत सोडून देतो. रस्त्यात सिग्नलला लोक बघतात, पण त्याला त्याचं काही वाटत नाही.

मी सांगतेय त्या हिवाळ्यात मात्र हे सगळं करूनही उंदीर थांबेनात. एक पकडला की दुसरा. वॉशिंग मशीनचा पाण्याचा पाइप कुरतडला, मग नवऱ्याच्या स्वेटरची बाही. एका रविवारी तो गच्चीवर गेला आणि त्यानं मला वरूनच हाक मारली.

"इकडे ये. हे पाहून घे."

आमचं आणि शेजारचं घर एकाच बिल्डरनं जोडून बांधलेलं आहे. मधली भिंत एक, गच्चीचा कठडाही एक. कठड्याच्या त्या बाजूला शेजारच्या काकूंची मातीची परात होती. तिच्यात तांदळाची कणी आणि बाजरी. परातीभोवती, कठड्यावर, आमच्या बाजूलासुद्धा दाणे सांडलेले होते, आणि कठड्याच्या कडेनं लेंड्यांची एक ओळ थेट आमच्या पाण्याच्या पाइपापर्यंत आलेली होती.

"त्याहीले रोज जेवण वाढून राहिल्या काकू," नवरा म्हणाला. "आपल्या घरी फक्त झोपाले येतात ते."

"मग सांगा ना तुम्ही त्यांना."

"मी कसा सांगू? तू सांग."

काकू सरकारी दवाखान्यातून रिटायर झालेल्या सिस्टर. सगळी नोकरी बाळंतपणाच्या वॉर्डात गेलेली. मूळच्या उमरेडच्या, विणकरांच्या घरातल्या. काका जाऊन दोनेक वर्षं होत आली होती. एकुलता एक मुलगा पुण्याला. काका होते तेव्हा आम्हा दोन्ही घरांचं रोजचं जाणं-येणं होतं. ते गेल्यावर काकू हळूहळू गेटजवळच भेटू लागल्या. बोलायच्या नीट, पण आत ये म्हणायच्या नाहीत. मला वाटलं, एकटं माणूस आहे, त्यांना नको असेल. सकाळी त्या गच्चीवर खुर्ची टाकून बसायच्या आणि परातीवर चिमण्या, बुलबुल, साळुंक्या यायच्या. तेवढाच त्यांचा दिवसातला आनंदाचा वेळ आहे हे मला दिसत होतं, म्हणून ते बोलायचं माझ्या जिवावर आलं होतं.

दोन वेळा मी बोलायला म्हणून गेले आणि दुसरंच काही बोलून परत आले. तिसऱ्या वेळी त्या गेटजवळ कुंड्यांना पाणी घालत होत्या. मी म्हटलं, "काकू, एक सांगायचं होतं. रागावू नका."

"सांग नं वं."

"गच्चीवर तुम्ही पाखरांना दाणे टाकता ना, ते रात्री तसेच राहतात. त्याच्यावर उंदीर येतायत. आमच्याकडे फार झालेत यंदा. तुमच्याकडेही असतील."

त्यांनी पाण्याची झारी खाली ठेवली. "माझ्या घरी नाहीत," त्या म्हणाल्या.

"तसं नाही, मी आपलं..."

"माझं घर साफ असते. तीस वर्षं वॉर्ड ठेवला मी, कधी कोणी बोट ठेवलं नाही. शेतातून येत असतील तुझ्याकडचे."

"हो, शेतातूनच येतात. फक्त दाणे..."

"नाही टाकणार उद्यापासून," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. झारी तिथेच राहिली.

दुसऱ्या दिवशी परात उचललेली होती. कठडा झाडून काढलेला. पाखरं सकाळी येऊन कठड्यावर बसली, जरा इकडेतिकडे बघून उडून गेली. त्याच आठवड्यात माझा एक डबा परत आला. मी त्यांना ज्यातून दिवाळीचा चिवडा दिला होता तो. आमच्यात रिकामा डबा कधी परत जात नाही. काही नसलं तर चिमूटभर साखर तरी जाते. हा डबा घासून, पुसून, रिकामा आला. मी तो ओट्यावर ठेवून बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले.

आमच्याकडचे उंदीर कमी झाले, हे खरं. पण संपले नाहीत. संध्याकाळी टीव्ही बंद केला की मधल्या भिंतीपलीकडून खुडबुड ऐकू यायची. नवरा भिंतीला कान लावून म्हणाला, "इकडे नाही, तिकडे आहेत." मी टीव्ही परत लावला. काकूंनी नाही म्हटलं होतं, तर परत कसं विचारणार?

डिसेंबर लागला. लोक संध्याकाळी रिकाम्या प्लॉटवर शेकोटी करू लागले. एका सकाळी मी ऑफिसला निघाले तेव्हा काकू रस्त्यानं किराणा घेऊन येताना दिसल्या. लंगडत होत्या. पायाच्या अंगठ्याला पट्टी होती. मी गाडी थांबवली.

"काय झालं काकू?"

"ठेच लागली." त्या थांबल्या नाहीत.

पट्टी बांधण्याची ती पद्धत दवाखान्याची होती, कोपरे दुमडून अगदी नीट. मी सदरच्या ऑफिसात पोचेपर्यंत ती पट्टीच डोळ्यांसमोर होती. ठेच लागलेल्या अंगठ्याला कोणी एवढी पट्टी बांधत नाही, असं वाटत राहिलं.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी आमचं गेट वाजलं. काकू उभ्या होत्या. अंगावर शाल, केस विंचरलेले, चेहरा ओढलेला.

"तुझा नवरा घरी आहे का?"

"आहे ना. या, आत या."

"नाही, आत नाही येत. कुलर काढायचा होता. दोन्ही कुलर. काका काढत होते दिवाळीत, आता मले उचलत नाही. पोरगा येऊन राहिला पुढच्या हप्त्यात."

नवरा तोवर बाहेर आलाच होता. तो म्हणाला, "काकू, एवढंच ना? आधी काहून नाही सांगितलं?" त्या वळून आपल्या घराच्या बाजूच्या बोळाकडे चालू लागल्या.

नागपुरात उन्हाळ्यात कुलरशिवाय कोणाचं चालत नाही. लोखंडी पेटीसारखा मोठा डेझर्ट कुलर खिडकीच्या बाहेर स्टँडवर ठेवतात, त्याचं तोंड खिडकीतून आत. तिन्ही बाजूंना गवताच्या ताट्या, त्यांच्यावरून पाणी झिरपतं. उन्हाळा संपला की लोक तो काढून ठेवतात आणि खिडकी लावून घेतात. काकूंचे कुलर दोन उन्हाळ्यांपासून तसेच बाहेर होते. वर जुनी चादर बांधलेली. आणि कुलरचं तोंड खिडकीत असल्यामुळे ती खिडकी दोन वर्षं लागलेलीच नव्हती. कडेच्या फटीत त्यांनी वर्तमानपत्रं कोंबली होती. त्यातला बराच कागद कुरतडून गेला होता.

हे आम्हाला बाहेरून कधी दिसलं नव्हतं, कारण तो बोळ घराच्या पलीकडच्या अंगाला आहे.

नवऱ्यानं चादर सोडली आणि एक ताटी बाहेर काढली. तसे दोन उंदीर उडी मारून बोळातून पळाले. काकू मागे सरकल्या नाहीत. ताटीच्या गवताला आतून पोकळ केलेलं होतं. आत गवत, कागद, कापूस, काळी लोकर, आणि त्या सगळ्यात लाल सुताचे बारीक तुकडे. मधोमध गुलाबी पिल्लं होती. बोटाच्या पेराएवढी, डोळे न उघडलेली, एकमेकांच्या अंगावर पडलेली.

काकूंनी पिल्लांकडे नाही, त्या लाल सुताकडे बघितलं. बोटांनी एक तुकडा उचलला.

"हे माझं लुगडं आहे," त्या म्हणाल्या. "बाबानं विणलेलं. पेटीत होतं."

मग त्या कुलरच्या स्टँडला टेकून खाली बसल्या. मी त्यांच्या शेजारी बसले. नवरा ताटी हातात धरून तसाच उभा राहिला.

"काकू, घरात उंदीर आहेत ना?" मी विचारलं.

"आहेत," त्या म्हणाल्या. "लय आहेत. मागच्या वर्षीपासूनच. यंदा तर स्वयंपाकघर मी त्याहीलेच देऊन टाकलं. मी पुढच्या खोलीत गॅसची छोटी शेगडी मांडली. तिथंच झोपते, पाय खुर्चीवर ठेवून." त्यांनी पट्टीच्या पायाकडे बघितलं. "एका रात्री पाय खाली घसरला."

"उंदीर चावला?"

"चावला. दवाखान्यात गेली, सुई घेतली, पट्टी केली. कोणाले सांगितलं नाही."

"काहून नाही सांगितलं, काकू?" नवरा म्हणाला.

"कोणत्या तोंडानं सांगू गा? मी पोरींना शिकवलं वॉर्डात हात कसे धुवायचे ते. आणि माझ्याच घरी..." त्या थांबल्या. "आणि पोराले कळलं तर तो मले पुण्याले घेऊन जाईन. घर विकून टाकू म्हणते तो. आई, तुझ्यानं होत नाही आता, म्हणते. त्याचं खोटं नाही. पण मले नाही जायचं वं तिथं. चौदाव्या मजल्यावर राहाते तो. मी काय करू दिवसभर?"

मी त्यांचा हात धरला. हात बर्फासारखा गार होता. मी म्हटलं, "तो येईपर्यंत आठवडा आहे. आपण घर करू साफ."

आधी पिल्लांचं काय करायचं ते ठरवायचं होतं. नवरा म्हणाला, मी बघतो, तुम्ही आत जा. काकू नको म्हणाल्या. त्यांनी केराची सुपली आणली, ते सगळं गवत पिल्लांसकट अलगद सुपलीत घेतलं आणि लंगडत मागच्या रिकाम्या प्लॉटवर गेल्या. मी बरोबर गेले. तिथे एका बाभळीच्या बुडाशी त्यांनी ते ठेवलं, वर थोडं सुकं गवत ओढलं.

"जगणार नाहीत हे," त्या म्हणाल्या. "माहीत आहे मले. पण माझ्या हातानं दुसरं काही होत नाही."

आम्ही परत आलो.

त्या दिवशी मी कित्येक महिन्यांनी त्यांच्या घरात पाऊल टाकलं. उंदरांच्या मुताचा वास दारातच आला. पुढची खोली मात्र लख्ख होती. अंथरूण घडी केलेलं, शेगडी पुसलेली, औषधं एका ताटलीत ओळीनं. आतल्या दाराखाली त्यांनी ओल्या टॉवेलची गुंडाळी लावली होती, त्याच्यावर दोन पाटे ठेवलेले. त्यांच्यापुरती त्यांनी घराची एक हद्द आखून घेतली होती. दार उघडून आत गेलो तर स्वयंपाकघरात पिठाचा डबा आडवा पडलेला, कपाटांच्या खालच्या फळ्या कुरतडलेल्या, सगळीकडे लेंड्या. झोपायच्या खोलीत पेटीच्या मागचा कोपरा गंजून भोक पडलं होतं, तिथून ते आत शिरले होते. लुगड्याची वरची घडी चाळणीसारखी झाली होती. काकूंनी ते उलगडलं नाही. पेटी बंद केली आणि म्हणाल्या, "हे मागून पाहू."

कामाची वाटणी आपोआप झाली. नवरा कुलर काढून धुवायला लागला. मी तोंडाला ओढणी बांधली. झाडू उचलणार तेवढ्यात काकू म्हणाल्या, "कोरडं झाडू नको. धूळ उडते, छातीत जाते. आधी फिनेलचं पाणी शिंपड, मुरू दे, मग ओल्या फडक्यानं उचल." त्यांचा आवाज एकदम वेगळा झाला होता, वॉर्डातला असावा. त्यांनी सांगितलं तसं मी केलं. दुपारपर्यंत स्वयंपाकघराची फरशी दिसायला लागली. मी घरून डाळभात आणला, तो आम्ही अंगणात उन्हात बसून खाल्ला.

खिडक्या लागल्या, हेच अर्धं काम होतं. बाकीच्या फटींसाठी मिस्त्रीला फोन केला. तो म्हणाला, एवढ्याशा कामाले कोण येते. मग नवऱ्यानं स्वतःच सिमेंट कालवलं. संध्याकाळी ऑफिसमधून आल्यावर आम्ही दोघं टॉर्च घेऊन त्यांच्या घरात भिंतीच्या कडेनं फिरायचो आणि काकू मागून सांगायच्या, इथं पाहा, तिथं पाहा. सिंकचा पाइप, गॅसच्या नळीचं भोक, मोरीची फुटलेली जाळी. मागच्या दाराखाली पत्र्याची पट्टी ठोकली. आणि सर्वांत मोठी वाट सापडली ती मधल्या भिंतीत, ओट्याच्या खाली. बिल्डरनं पाण्याच्या लाइनसाठी पाडलेलं भोक तसंच सोडलं होतं. त्याचं दुसरं तोंड आमच्या सिंकखाली निघत होतं, माझ्या तारेच्या घासणीच्या मागे. मी माझ्या बाजूनं दरवर्षी बुजवत होते आणि उंदीर दोन्ही घरांचं मिळून एकच घर करून राहिले होते. नवरा हसायला लागला. काकूंनाही हसू आलं. त्या दिवसांत त्या पहिल्यांदा हसल्या.

आमचं एक चुकलं. घाईत आम्ही सगळी भोकं आधी बुजवली आणि पिंजरे नंतर लावले. आत राहिलेले काही उंदीर शेंगदाण्याला आणि भज्याच्या तुकड्याला येऊन पिंजऱ्यात सापडले, नवरा त्यांना रोज कन्हानच्या पुलापलीकडे पोचवत होता. पण एक ओट्याच्या कपाटामागे कोंडून मेला. मुलगा यायच्या आदल्या दिवशी घरात वास सुटला. कपाट स्क्रू काढून भिंतीपासून सोडवावं लागलं. काकूंनी नाकाला काही लावलं नाही. हातमोजे घातले, तो कागदात घेतला, बाहेर नेऊन पुरला, आणि परत येऊन जागा पुसली. मी लिंबू कापून आणि कापूर जाळून खिडक्या उघड्या टाकल्या.

मुलगा आला. उंच, अबोल, काकांसारख्याच कपाळाचा. पहिल्या दिवशी त्यानं घर फिरून बघितलं आणि म्हणाला, "आई, घर मस्त ठेवलंस तू." हे मला काकूंनीच गेटवर येऊन सांगितलं. सांगताना त्यांचा चेहरा खूश नव्हता.

"मग बरं झालं ना, काकू?"

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "पण त्यानं मस्त म्हटलं तं मले कसंतरीच वाटलं."

त्यांनी आम्हाला जेवायला बोलावलं. भाजलेल्या वांग्याचं भरीत, ज्वारीची भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि संत्री. स्वयंपाकघरातच पाट मांडले होते. जेवता जेवता मुलाचं लक्ष सिंकखाली ठेवलेल्या पिंजऱ्याकडे गेलं.

"आई, पिंजरा काहून ठेवला? उंदीर आहेत का?"

मी नवऱ्याकडे बघितलं. त्यानं भाकरीकडे. कोणी काही बोललं असतं तर तेवढ्यावर विषय संपलाही असता. पण काकूंनी हातातली पळी खाली ठेवली.

"होते," त्या म्हणाल्या. "घरभर होते. या दोघांनी साफ केलं सगळं. मागचा हप्ता पूर्ण." आणि मग त्यांनी कुलरपासून सगळं सांगितलं. कुठे थांबल्या नाहीत, कुठे कमी केलं नाही. शेवटी पाय पुढे करून अंगठा दाखवला. जखम भरत आली होती, पण दातांच्या खुणा ओळखू येत होत्या.

मुलाचा घास हातातच राहिला. तो म्हणाला, "आई, रोज फोन करतो मी तुला. रोज तू म्हणतेस, सगळं ठीक आहे."

"काय सांगू मग? तू लगेच म्हणला असता, चल पुण्याले."

"म्हटलं असतं," तो म्हणाला. "पण आधी येऊन कुलर काढला असता. तेवढं तरी करू द्यायचं होतंस." त्याचा आवाज चढला नव्हता, पण डोळे भरले होते. काकू उठल्या, त्याच्या ताटात आणखी भरीत वाढलं, आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून तशाच उभ्या राहिल्या. आम्ही दोघं ताटात बघून जेवत राहिलो.

तो चार दिवसांसाठी आला होता, आणखी थोडा राहिला. गटाराच्या चेंबरवर नवीन झाकण बसवलं, खिडक्यांना बारीक लोखंडी जाळी लावून घेतली, पेटीचं भोक पत्र्यानं झाळून आणलं. एका दुपारी मायलेक ते लुगडं उलगडून बसलेले मी गच्चीवरून बघितले. आतल्या घड्या वाचल्या होत्या. लाल काठाचा एक मोठा सलग तुकडा निघाला, तो त्यानं पुण्याला नेला, बायकोला आणि मुलीला दाखवायला.

पुण्याला जायचा विषय निघालाच. मी हजर नव्हते, काकूंनी नंतर सांगितलं. त्यांच्यात ठरलं ते असं की घर विकायचं नाही, पण काकूंनी पावसाळ्याचे दोन-तीन महिने पुण्याला राहायचं. आणि घरची एक किल्ली माझ्याकडे राहील. काकूंनी किल्ली आणून दिली ती एका डब्यावर ठेवून. डब्यात तिळाच्या वड्या होत्या.

पाखरांची परात परत आली, फक्त आता काकू ती जवळ घेऊन बसतात. पाखरं खाऊन उडेपर्यंत थांबतात, मग उरलेलं झाडून घेतात. सुट्टीच्या दिवशी मीही चहाचा कप घेऊन कठड्याच्या या बाजूला बसते. त्या मला वॉर्डातल्या गोष्टी सांगतात.

यंदा काकू ठरल्याप्रमाणे पुण्याला गेल्या. जुलैत गेल्या, सप्टेंबरात येणार होत्या, पण नातीची परीक्षा, मग दसरा, मग दिवाळी, असं करत राहिल्या. फोनवर आवाज चांगला होता. मला वाटलं, रमल्या असतील, आता येणार नाहीत. इकडे सोयाबीन निघालं, थंडी पडली. एका सकाळी त्यांचा फोन आला.

"काय वं, आले का तुझ्याकडे?"

"कोण?"

"उंदीर, अजून कोण?"

मी म्हटलं, "एक दिसला काकू. न्हाणीघराच्या पंख्याच्या भोकातून आला असणार. तिथे जाळी लावायची राहिली."

"पाह्य बरं," त्या म्हणाल्या. मग फोन तोंडापासून दूर धरून त्या मुलाशी बोलल्या, पण मला ऐकू येत होतं. "अरे, शेजारणीच्या घरी उंदीर शिरले. तिले एकटीनं जमत नाही. माझं तिकीट काढून दे."

मागून मुलगा काहीतरी बोलला आणि हसला. त्यानं फोन घेतला. "खरंच जमत नाही का तुम्हाला?" त्यानं मला विचारलं.

एका उंदरासाठी मला कोणाचीच गरज नव्हती, आणि ते त्यालाही कळत होतं.

"नाही जमत," मी म्हटलं. "पाठवा त्यांना."